चार डावे हात

अकरा महिन्यांत प्रेस विभागात चार हात गेले. चारही डावे. प्रत्येकाची तर्जनी आणि मधले बोट, दुसऱ्या पेरापासून पुढे. चौघेही प्रशिक्षण वर्गात आपापल्या तुकडीत पहिले आलेले होते. त्याच विभागात, त्याच यंत्रांवर, कंत्राटदाराची एकवीस माणसे वर्गाचे तोंडही न पाहता काम करीत होती. त्यांच्यापैकी एकाचे नखसुद्धा गेले नव्हते.

चौथा हात मंगळवारी सकाळी गेला. बुधवारी त्या वर्गाचा मास्तर कारखान्याच्या दवाखान्यात अपघाताच्या अर्जावर सही करायला गेला तेव्हा डॉक्टर पाठमोरे उभे राहून हात धूत होते. साबणाचा फेस कोपरापर्यंत चढवून ते म्हणाले, "या मास्तर. तुमचे विद्यार्थी मी आता हातावरूनच ओळखतो." त्यात खोच नव्हती, दिवसभर इतरांची दुखणी पाहणाऱ्या माणसाची ती साधी थट्टा होती. मास्तर हसला. हसून झाल्यावर आपण हसलो हे त्याच्या लक्षात आले. प्रशिक्षकाच्या चौकटीत त्याने सही केली, पेनाचे टोपण लावले आणि तो बाहेर आला. मधले पटांगण ओलांडताना प्रेस विभागाचे ठोके नेहमीप्रमाणे आधी तळपायांना लागले आणि मग कानांना. सव्वीस वर्षे हा क्रम तसाच होता. आज मात्र प्रत्येक ठोक्यागणिक त्याला एक हात दिसू लागला, मनगटापासून पुढचा, कोणाचाही नसलेला, आणि तो पाहताक्षणी हा माझ्या वर्गातला की नाही, असा प्रश्न पडू लागला.

यंत्र साधे होते. डाव्या हाताने पत्र्याची चकती साच्यात ठेवायची, मागच्या खुंटीला टेकवायची, हात बाहेर काढायचा आणि उजव्या पायाने पेडल दाबायचे. वरचा लोखंडी ठोकळा, ज्याला सगळे रॅम म्हणत, खाली येई आणि चकतीची वाटी होई. पेडल एकदा दाबले की रॅम मध्ये थांबत नसे. पश्चात्तापाची सोय त्यात नव्हती. चकती चिमट्याने ठेवावी असा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला होता, आणि चिमट्याने ती खुंटीला कधीही नीट टेकत नाही हे व्यवस्थापकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून दीड वर्षापूर्वी जेव्हा कंपनीने ठरवले की हे काम ऐकीव-देखीव पद्धतीने न शिकता वर्गात, क्रमवार, फळ्यावर आकृती काढून शिकवले जावे, तेव्हा शिकवायला कोण हा प्रश्न फारसा अवघड गेला नाही. चोवीस वर्षे प्रेसवर काढून दहाही बोटे शाबूत असलेला माणूस विभागात एकच होता. बदलीच्या पत्रात तसे लिहिलेले नव्हते. पण त्याची पात्रता तीच होती. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही पंजे वर्गासमोर उघडून धरले होते आणि म्हटले होते, "हे माझं प्रमाणपत्र." मुले हसली होती. ते वाक्य नंतर त्याने प्रत्येक तुकडीला ऐकवले.

मंगळवारी ज्याचा हात गेला त्याला सगळे घड्याळ म्हणत. मिनिटाला चौदा वाट्या, तासन्‌तास, एकही मागे-पुढे नाही. मास्तरला तो काम करताना पाहणे आवडत असे. आपले अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावे तसे त्याला ते वाटे. मंगळवारी तो घड्याळाच्या मागे चार पावलांवर उभा होता. ठोक्यात काहीच बदल झाला नाही. आवाजसुद्धा तसाच आला, किंचित ओला. रॅम वर गेला तेव्हा साच्यात वाटी झालेली होती, काठ नीट, खोली नीट; बोटे तिच्यात होती. पुसून घेतली असती तर ती वाटी तपासणीत पास झाली असती. घड्याळ ओरडला नाही. त्याने हात छातीशी धरला, कोणी काढून घेईल या भीतीने धरावा तसा, आणि मागे वळून, ओठ पांढरे पडलेले असताना, विचारले, "मास्तर, माझं काय चुकलं?" मास्तरने त्याच्या मनगटाला पट्टा आवळला. रक्त त्याच्या बाहीत शिरले, कोपरापर्यंत गरम गेले आणि तिथे गार झाले. घड्याळ पुन्हा म्हणाला, "मी अगदी तुमच्यासारखंच केलं हो." त्यानंतर तो यंत्राला टेकून खाली बसला.

तुमच्यासारखंच. गुरुवारी अपघातांच्या चारही नोंदी पुढ्यात घेऊन बसला असताना हा शब्द त्याच्या दाढेत अडकल्यासारखा झाला होता. चारही नोंदींत कारणाच्या रकान्यात एकच मजकूर होता: कामगाराचे दुर्लक्ष. सुरक्षा अधिकाऱ्यांचे अक्षर वळणदार होते. मास्तर शाळेत फार शिकलेला नव्हता, पण आयुष्यभर एक शतांश मिलिमीटरच्या फरकावर भांडलेला होता, आणि त्याला हा मजकूर पटेना. दुर्लक्षाला डावा-उजवा कळत नाही. दुर्लक्ष कधी अंगठा नेते, कधी पंजा, कधी शेजाऱ्याचा हात. चार वेळा त्याच दोन बोटांच्या त्याच पेरावर येऊन थांबते ते दुर्लक्ष नसते. त्याला माप असते. आणि माप असते तिथे कोणीतरी ते लावलेले असते.

तो उठून कंत्राटदाराच्या लोकांकडे गेला. तिथे सगळ्यांत जलद हात एका पन्नाशीच्या बाईचा होता. तिला सगळे मावशी म्हणत. तो बाजूला उभा राहिला तरी तिने काम थांबवले नाही.

"मावशी, तुम्ही हे कोणाकडून शिकलात?"

"आम्हाला कोण शिकवतंय? शेजारणीचं बघितलं. चार दिवस पोटात गोळा आला, पाचव्या दिवशी सवय झाली."

"कधी लागलं नाही हाताला?"

"लागायला वेळ कुठाय." तिने एक वाटी मागे उडवली. "तुमच्या वर्गातल्या पोरांचं काम बघावं मात्र. कसं नाजूक, नाचल्यासारखं. आमचं आपलं ठेवलं की काढलं."

तो पाहत राहिला. ठेवले, काढले, पाय. ठेवले, काढले, पाय. चकती खुंटीला अर्धा मिलिमीटर कमी टेकत होती. शंभरांतल्या तीन-चार वाट्या काठाला फाटत असतील. त्याला ते काम ओबडधोबड वाटले. आपल्या मुलांच्या हातात जे आहे ते हिच्या हातात नाही, एवढे त्याला नक्की दिसले. आणि ते नेमके काय, हे विचारावे असे त्या क्षणी सुचले नाही.

त्याच्या हातात जे होते ते उस्तादाने घातलेले होते. उस्ताद बुटका होता, त्याच्या मानेला तीन वळ्या होत्या आणि तो कधीही आवाज चढवीत नसे. त्याच्याजवळ एक पोलादी फूटपट्टी असे. शिकाऊ माणसाने चकती ठेवली की ती पट्टी, पातळ धारेच्या बाजूने, पडे. चुकले म्हणून नव्हे, ठेवली म्हणून. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर, प्रत्येक वेळी, हात साच्यात रेंगाळतो की नाही हे पाहण्याचीही तसदी न घेता. "रॅमपेक्षा मी बरा," तो म्हणे. "मी दोनदा मारू शकतो." पहिल्या आठवड्यात सांधे सुजले, दुसऱ्यात फुटले. एके दिवशी मास्तर, जो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि ज्याला घरी बोलण्यासारखे काही उरले नव्हते, हात मागे घ्यायला किंचित चुकला, तेव्हा उस्तादाने त्याचे मनगट पकडून पंजा साच्यात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने फिरते चाक हळूहळू ओढून रॅम खाली आणला, इतका खाली की नखांवरचे तेल रॅमला लागले. तिथे त्याने तो ठेवला. मिनिटभर असेल, कदाचित दहा सेकंद. बाकीचे शिकाऊ जेवणाचे डबे हातात धरून पाहत होते आणि कोणीही घास घेत नव्हते. "आता झोपेतसुद्धा विसरणार नाहीस," उस्ताद म्हणाला, आणि डबा खायला गेला. मास्तरने त्या दिवशी त्याला मारून टाकण्याचा विचार केला होता. तो विचार सविस्तर होता; त्यात मोठा पाना होता, वेळ होती, मानेच्या तीन वळ्यांपैकी मधली होती. कित्येक महिने तो रोज तेवढा विचार करूनच झोपी जाई. पुढे उस्ताद आपल्या मरणाने मेला, आणि विचार जागच्या जागी राहिला, वापर नसलेल्या हत्यारासारखा. वर्ग हातात आला तेव्हा मास्तरने एकच गोष्ट ठरवली होती: इथे कोणाच्या अंगाला हात लागणार नाही. तो मुलांना अहो-जाहो करी. एखादा चुकला तर स्वतः स्टुलावर बसून दाखवी, पुन्हा दाखवी, दहा वेळा दाखवी. उस्तादाकडून घेतलेले सगळे मी देतो आहे, फक्त मार वगळून, असे त्याला वाटे. आणि या वगळण्यात त्याचा जो काही अभिमान होता तो सगळा साठलेला होता.

शुक्रवारी संध्याकाळी त्याची ताई घरी आली, लेकीला घेऊन. भाची सध्याच्या तुकडीत होती आणि पहिली येणार हे उघड होते. वर्गात ती त्याला सर म्हणे, घरी मामा, आणि कधीकधी दोन्हींची गल्लत करून दोघांनाही अवघडवून टाकी. शनिवारी परीक्षा होती. सोमवारपासून ती प्रेसवर बसणार होती. ताईने जेवताना तीच गोष्ट तिसऱ्यांदा काढली.

"तो मुलगा, मंगळवारचा. तुझ्याच वर्गातला होता म्हणे."

"हो."

"पण लक्ष नसेल त्याचं. ही तशी नाही. आणि तुझ्या हाताखाली आहे म्हणून मी निर्धास्त आहे, नाहीतर पाठवलीच नसती."

भाची म्हणाली, "आई, तू निर्धास्त असलीस की दर पाच मिनिटांनी निर्धास्त आहे म्हणून सांगतेस."

मास्तरने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. त्याच्या बायकोने पोळी वाढता वाढता ताईकडे पाहून डोळे मिचकावले. "बघा वन्सं, तुमचे भाऊ. पेला एकदा ठेवून भागत नाही यांचं. ठेवायचा, हात काढायचा, परत जाऊन त्याला टोचायचं. पळून जातो की काय तो? वीस वर्षं बघतेय."

सगळ्या हसल्या. भाचीच्या हसण्यात काहीतरी ओळखीचे असल्यासारखे होते. मास्तरने पेल्याकडे पाहिले. पेला जागच्या जागी होता. त्याने पोळीचा तुकडा मोडला. रात्रभर त्याला झोप लागली, ही गोष्ट त्याला नंतर लाजिरवाणी वाटली.

शनिवारी सकाळी वर्गातल्या सरावाच्या प्रेसचा पट्टा काढून ठेवलेला होता. पेडल दाबता येत होते, पण रॅम वरच राहणार होता. आठ शिकाऊंना वेगाची परीक्षा यावर देता येत असे. भाची पहिली बसली. मास्तर तिच्या डाव्या हाताला उभा राहिला. वाटीची खोली मोजायची पोलादी पट्टी त्याच्या हातात होती, कारण परीक्षेत ती लागते. एकाने घड्याळ लावले. मिनिटाला चौदा. पहिली वीस सेकंदे तिचा हात सुंदर चालला. त्याला पुन्हा ते जुने समाधान वाटू लागले, स्वतःच्या हाताला दुरून पाहण्याचे, आणि त्याच वेळी त्याची नजर खाली गेली. तिचा पाय पेडलवर उतरत होता आणि तिचा हात साच्यात होता. दोन बोटे चकतीला खुंटीकडे सारत होती. वर रॅम होता, बंद, निर्जीव, पट्टा काढलेला. हे त्याला ठाऊक होते, पट्टा त्यानेच काढला होता. पट्टी पडली. ती त्याने मारली असे नंतर म्हणावे लागले, पण घडले ते तसे नव्हते. ती पडली, धारेच्या बाजूने, दोन्ही बोटांच्या मधल्या सांध्यांवर, आणि हाडाचा आवाज वर्गभर ऐकू आला.

भाचीचा हात उसळून बाहेर आला, छातीपर्यंत, तिथे अर्धा क्षण लोंबला, आणि मग, ती अजून मास्तरकडे पाहतच होती तोवर, स्वतःहून पुन्हा साच्यात गेला, चकतीला दोन बोटांनी टोचून बाहेर आला.

"सर, पट्टा काढलेला आहे," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. सांध्यांवर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि एकीच्या टोकाशी रक्त जमू लागले होते.

मास्तर त्या हाताकडे पाहत होता. हात उसळला होता तो माराने. पण उसळणे, लोंबणे, परत जाणे, टोचणे, ही सगळी हालचाल त्याने पट्टी पडण्याआधी वीस सेकंदांत चार वेळा पाहिली होती. तिला तेव्हा कोणी मारलेले नव्हते.

"पुन्हा कर," तो म्हणाला. "मी लांब उभा राहतो. बघ, पट्टी खाली ठेवली."

तिने केले. ठेवले, हात उसळून बाहेर, अर्धा क्षण, परत आत, टोच, बाहेर. पट्टी टेबलावर होती.

"मध्येच हात मागे का घेतलास?"

"तुम्ही घेता म्हणून."

"मी?"

तिने बाकीच्यांकडे पाहिले. सातही जणांनी मान हलवली. एकाने तर वही उघडून दाखवली, तिच्यात हालचालींचा क्रम लिहिलेला होता आणि तिसऱ्या क्रमांकापुढे लिहिले होते: हात झटक्याने मागे. मास्तर स्टुलावर बसला. "माझा हात किती वेळा बाहेर येतो ते मोजा," तो म्हणाला, आणि सव्वीस वर्षे केले तसे केले. "दोन," आठही जण म्हणाले. त्याला एकच जाणवला होता. त्याने पुन्हा केले, या वेळी स्वतः पाहत. हात चकतीवरून उसळला तेव्हा सांध्यांवर एक जुनी, बारीक थंडी आली. चकती त्या धक्क्याने केसभर हलली. ती सरळ करायला हात परत गेला. वाटीचा काठ इतका नीट का येतो याचे कारणही तेच होते. वर्गाला नाजूक वाटत होते ते हेच.

आता त्याचे डोके थंड झाले, मापाच्या वेळी होई तसे. त्याने आठही जणांना पाळीपाळीने बसवले, प्रत्येकाला पन्नास वेळा, आधी सावकाश, मग चौदाच्या वेगाने, आणि एकाला पायाकडे, एकाला हाताकडे लक्ष ठेवायला सांगितले. सावकाश असताना पाय नेहमी दुसऱ्या बाहेर येण्यावर पडत होता. वेगात तो पहिल्या बाहेर येण्यावर पडू लागे. सर्वांत कच्च्या मुलाचा पन्नासांत एकदा. भाचीचा नऊदा. पायाला मोजता येत नव्हते. हात बाहेर आला एवढेच त्याला कळत होते, आणि हात जितका हुबेहूब मास्तरचा, तितका पाय लवकर फसत होता. घड्याळाचा पाय कितीदा फसला असता, हे आता कोणाला मोजता येणार नव्हते. मंगळवारी एकदा फसला.

उरला तो एक प्रश्न, आणि तो त्याने मुलांना सांगितला नाही. माझा पाय का फसला नाही? त्याने बूट काढला, पाय नुसताच पेडलवर ठेवला आणि हात चालवला. हात पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा पाय हलला नाही. तो वाट पाहत होता. चौदाच्या वेगातही पाय त्या इवल्याशा जागेत थबकत होता, पट्टी पडून जाऊ देत होता, आणि मग दाबत होता. उस्ताद मरून चौदा वर्षे झाली होती. पाय अजून त्याला वाट देत होता. हे थबकणे यंत्राच्या टेबलाखाली होते. मुलांना दिसत होता तो फक्त हात.

परीक्षा त्याने थांबवली. भाची बोटांना थंड पाणी लावून आली.

"दुखतंय?"

"हो." तिने बोटे ओढणीला पुसली. "मामा, आईला काय सांगायचं?"

"मारलं असं सांग. मी मारलं."

"ती विचारेल का मारलं."

"सोमवारी प्रेसवर जायचं नाहीस. कोणीच जायचं नाही. तेवढं आधी सांग."

"म्हणजे मी नापास?"

"नाही. पहिली आलीस," तो म्हणाला, "म्हणून."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "मास्तर, तुम्ही दमला आहात. दुर्लक्ष लिहिलंय, राहू द्या ना. हे कागदावर आलं तर वर्ग बंद होईल. तुम्ही कुठं जाल? आणि चार घरचे लोक तुमच्या दारात उभे राहतील ते वेगळंच."

"उभे राहू देत."

"बरं, हे सिद्ध काय करणार तुम्ही?"

"चारशे वेळा मोजलंय. कोणालाही बसवून पुन्हा मोजा."

अधिकाऱ्यांनी नवा अर्ज त्याच्याकडे सरकवला, हात पोळतो आहे अशा घाईने. मास्तरने पेनाचे टोपण काढले. अपघातग्रस्त व्यक्ती या रकान्यात त्याने चारही कामगारांचे क्रमांक लिहिले. सूचना या रकान्यात लिहिले: सध्याच्या तुकडीतील कोणालाही पेडलच्या प्रेसवर बसवू नये, माझ्याकडे शिकलेल्या सर्वांना आजच उठवावे, पेडल काढून दोन्ही हातांनी दाबायची बटणे बसवावीत. मग तो कारणाच्या रकान्याकडे आला. रकाना एका ओळीचा होता. त्याने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, आकृतीखाली मापे लिहावीत तशा अक्षरात लिहिले:

कारण: चकती ठेवल्यावर प्रशिक्षकाचा डावा हात एकदा विनाकारण मागे येतो आणि ती सरळ करण्यासाठी पुन्हा आत जातो. ही सवय प्रशिक्षकाला शिकताना बोटांवर मार खाल्ल्यामुळे लागली. मार चुकवण्यासाठी त्याचा हात मागे येतो आणि मार होऊन जाईपर्यंत त्याचा पाय थांबतो. प्रशिक्षकाने विद्यार्थ्यांना मारले नाही. विद्यार्थ्यांनी हात पाहून उचलला. पाय त्यांना दिसला नाही, आणि थांबण्याचे कारण त्यांना नव्हते. वेग वाढल्यावर हात पहिल्यांदा मागे येताच त्यांचा पाय पेडल दाबतो. त्या वेळी हात पुन्हा आत असतो, आणि चकतीवर तर्जनी व मधले बोट असते.